घरी शिकलेल्यांनी कोणाच्या दारी जावे?

२०१६ साली मुंबईची एक सतरा वर्षांची मुलगी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या जगद्विख्यात संस्थेत दाखल झाली, तेव्हा सर्व वृत्तपत्रांनी ती वार्ता मोठ्या कौतुकाने छापली होती. सातवीत असताना आईने तिला शाळेतून काढले. पुढचे सारे शिक्षण घरी झाले. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने भारताला दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळवून दिली. आपल्या आयआयटींचे दार मात्र तिला बंद होते, कारण बारावीचे प्रमाणपत्र तिच्यापाशी नव्हते. चेन्नईच्या गणितसंस्थेने तेवढे तिचे ज्ञान पाहिले आणि तिला थेट एम्. एस्सी.च्या पातळीवर घेण्याची तयारी दाखविली.

कौतुकाचा भर ओसरल्यावर जो प्रश्न उरतो, तो त्या मुलीचा नव्हे. तिची सोय झाली. पदक नाही, परदेशी जाण्याची ऐपत नाही, पण जो घरी प्रामाणिकपणे शिकला आहे अशा मुलाने अठराव्या वर्षी कोणाच्या दारी जावे, हा तो प्रश्न आहे. पुण्यामुंबईकडील सुशिक्षित कुटुंबांतून मुलांना घरीच शिकविण्याची ओढ आज दिसू लागली आहे. या मंडळींना हौशी म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण त्यांच्या मुलांचे पुढे काय होणार, याचा विचार हसून टळत नाही.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. घटनेतील शब्द ‘शिक्षण’ असा आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या दहाव्या कलमात मात्र त्याची ‘शाळा’ झाली; मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य, असे ते कलम सांगते. ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा कोणती, याविषयी कायदा मौन पाळतो. म्हणजे घरी शिकविणे हा गुन्हा नाही आणि मान्य मार्गही नाही. मूल चौदा वर्षांचे झाले की ही संदिग्धता एकाएकी नाहीशी होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था चौदा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही दहावीच्या आणि पंधरा वर्षे पूर्ण झालेल्याला बारावीच्या अभ्यासक्रमास घेते. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झालेली ही संस्था वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा घेते. शिवाय मागणीनुसार परीक्षेचीही सोय आहे. आपल्या राज्यमंडळाचा ‘सतरा नंबरचा अर्ज’ तर महाराष्ट्रातील प्रत्येक मास्तरास ठाऊक आहे. नापासांचा आणि शाळा सुटलेल्यांचा तो जुना आधार.

मार्ग आहे, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. मुक्त विद्यालयाची बारावी पाच विषय घेऊन उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेला बसू शकतो. वैद्यकाच्या बाबतीत मात्र अलीकडेपर्यंत अडसर होता. मुक्त विद्यालयातून आलेल्याला वैद्यकीय परिषदेच्या नियमांनी नीट परीक्षेसाठी अपात्र ठरविले होते. सरकारनेच स्थापन केलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र सरकारच्याच दुसऱ्या संस्थेने नाकारावे, याहून विनोदी कारभार कोणता? २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हा वाद कायमचा मिटला.

मग अडते कोठे? आमच्या मते, आपली महाविद्यालये विद्यार्थ्याला काय येते हे विचारीतच नाहीत. तो कोठून आला एवढेच विचारतात. कानपूरच्या आयआयटीने २०२५ पासून ऑलिंपियाडमध्ये चमकलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांना संयुक्त प्रवेशपरीक्षेवाचून घेण्यास आरंभ केला, हे स्वागतार्हच आहे. परंतु ही सूट प्रवेशपरीक्षेपुरती आहे आणि ती पदकांच्या पंक्तीत बसणाऱ्यांसाठी आहे. उरलेल्या सर्वांना कागद आधी, ज्ञान मागाहून.

हा क्रम आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे असे मात्र कोणी समजू नये. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा घेतली, ती स्वतः घेतली. आपल्या दारात येणाऱ्याची पारख आपण करावयाची, ही त्यामागील भूमिका होती. पुढे हे काम स्वतंत्र मंडळाकडे गेले आणि विद्यापीठाने पारख करण्याची सवयच टाकली. घरी अभ्यास करून खाजगी रीतीने मॅट्रिकला बसणारी माणसे आपल्या आजोबांच्या पिढीत विरळ नव्हती; त्यांत नोकरी सांभाळून शिकणारे होते, तशा संसार सांभाळून शिकणाऱ्या स्त्रियाही होत्या. त्याही मागे गेलो तर पंडिता रमाबाई दिसतात. वडील अनंतशास्त्री आणि आई यांच्याजवळ अरण्यात संस्कृत शिकलेली ही तरुणी १८७८ साली कलकत्त्यास गेली. तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेतली व तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. कोणत्या पाठशाळेचा दाखला आणला, असे त्यांनी विचारले नाही. मुख्यतः पतीच्या हाताखाली घरी शिकलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ साली पदवीधर झाल्या. मॅट्रिकचे प्रमाणपत्र त्यांच्यापाशी नव्हते. आनंदीबाईंनंतर १३३ वर्षांनी मुंबईच्या एका मुलीला त्याच देशाची वाट धरावी लागली, हा योगायोग आम्हांस सुखद वाटत नाही.

अमेरिकेचे नाव काढले की तेथे सारे सैल आहे असा एक समज आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे. घरी शिकविणे तेथे १९९३ पासून पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, आणि अशा विद्यार्थ्याकडून महाविद्यालये पुष्कळ काही मागतात: कोणकोणते विषय कोणत्या पुस्तकांवरून शिकला, याचे पालकांनी तयार केलेले टिपण, घराबाहेरच्या शिक्षकाचे शिफारसपत्र, स्वतःच्या हातचा निबंध. वर उल्लेखिलेल्या संस्थेला शालान्त प्रमाणपत्राची अट नाही, परंतु महामारीच्या काळात स्थगित केलेली सॅट परीक्षेची सक्ती तिने २०२२ मध्ये पुन्हा लागू केली. शाळेच्या दाखल्यावाचून मुलगा चालतो. पारखल्यावाचून चालत नाही. आपल्याकडे नेमके उलटे घडते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. घरी शिकण्याला प्रतिष्ठा दिली तर शाळेच्या सक्तीला भगदाड पडणार नाही काय? ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारा मुलगा आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी ठेवलेली मुलगी, यांनाही उद्या ‘घरी शिकतात’ असे म्हणता येईल. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. पट भरण्यासाठी वस्त्यांतून हिंडताना ‘ती घरीच शिकते की’ हे उत्तर पुष्कळदा ऐकले आहे, आणि ती काय शिकत होती तेही पाहिले आहे. म्हणून चौदा वर्षांखालील सक्ती रतिभरही ढिली करावी, या मताचे आम्ही नाही. आमचे म्हणणे महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरचे आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे बालपण कसे गेले, याचा जाब त्याला विचारण्यात अर्थ नसतो. आणि ऊसतोडीत शाळा बुडालेल्या ज्या मुलाने पुढे जिद्दीने अभ्यास केला, त्याच्याही हाती शाळेचा अखंड दाखला नसतो. ज्ञान पारखणारे दार उघडले तर दादरच्या इंजिनियराच्या मुलाइतकेच ते बीडच्या त्या मुलालाही उपयोगी पडेल. किंबहुना अधिकच, कारण इंजिनियराच्या मुलाला दुसरी दारेही असतात.

पालकांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. परीक्षा हे थोतांड आहे असे मुलाच्या सोळाव्या वर्षापर्यंत सांगावयाचे आणि अठराव्या वर्षी प्रवेशाच्या रांगेत धावाधाव करावयाची, ही तऱ्हा मुलावर अन्याय करणारी आहे. ज्याला विज्ञानशाखेकडे जावयाचे आहे त्याने प्रयोगशाळेत हात न काळे करता चालणार नाही. मुक्त विद्यालयाच्या अभ्यासकेंद्रात प्रात्यक्षिके होतात, तेथे वेळेवर नाव घालावे. दहावी मुक्त विद्यालयातून देऊन अकरावीला रीतसर कनिष्ठ महाविद्यालयात जाणे हाही मार्ग आहे, आणि बहुतेकांच्या दृष्टीने तो शहाणपणाचा आहे.

सरकार आणि विद्यापीठे यांच्याकडून आमची अपेक्षा माफक आहे. प्रत्येक विद्यापीठाने, बारावीचे प्रमाणपत्र नसलेल्या सतरा वर्षांवरील उमेदवारांसाठी स्वतःची लेखी व तोंडी परीक्षा ठेवावी. हवी तर ती बारावीहून कठीण असू द्यावी. त्याहून निकडीची बाब शाळा सोडल्याच्या दाखल्याची आहे. महाराष्ट्रात हा एक कागद जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात या तिन्हींचा पुरावा म्हणून वापरला जातो. जातपडताळणी समितीही तो मागते. जो शाळेतच गेला नाही किंवा ज्याची शाळा मध्येच सुटली, त्याच्या हक्काची राखीव जागा अभ्यासाअभावी जात नाही, कागदाअभावी जाते. जन्माचा दाखला, वडिलांची व आजोबांची कागदपत्रे आणि प्रतिज्ञापत्र यांवरून हे काम भागवावे, असे एक स्पष्ट परिपत्रक शिक्षण आणि सामाजिक न्याय या दोन खात्यांनी मिळून काढावे. त्याला नवा कायदा लागत नाही, समिती लागत नाही. पुढील प्रवेशाचे अर्ज निघण्यापूर्वी ते निघू शकते.