देवाची जमीन आणि डोंबिवलीचे घर

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खोदकाम चालू असताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरी याने शके ९३९ मध्ये, म्हणजे इ. स. १०१७ साली, केलेल्या भूदानाचा हा लेख. दान एका ब्राह्मणाला होते. परंतु देवळांच्या दानलेखांत हमखास भेटणारी ताकीद याच्यातही आहे: दिलेली भूमी कोणी हिरावून घेऊ नये, घेईल तो नरकात जाईल. ज्यांना अक्षरे वाचता येत नव्हती त्यांच्यासाठी गधेगाळीचे दगड होतेच. (ते चित्र समजायला कोणत्याही लिपीची गरज पडत नाही.)

या शापवाणीचा आजच्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील घरांच्या प्रश्नाशी संबंध आहे, असे माझे मत आहे.

१९५२ च्या कायद्याने मुंबई राज्यातील वैयक्तिक इनामे संपली. देवस्थान इनामे, महसुली भाषेत वर्ग तीनची इनामे, मात्र वगळली गेली. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ३६ सांगते की, धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विकता येणार नाही. शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्यानेही देता येणार नाही. वक्फ मिळकतींना वेगळा कायदा आहे, तत्त्व तेच. गधेगाळीचे काम आता कलमे करतात, एवढेच.

यावरून अनेकांचा असा समज होतो की, देवाची जमीन कोणी वापरू नये हीच दात्याची इच्छा होती. इतिहासाची साक्ष उलट आहे. देवाने कधी नांगर धरला नाही. जमिनीवर कूळ राबत असे आणि तिच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, नैवेद्य, गुरवाची चाकरी, उत्सव चालत. जमीन माणसांच्या वापरात आणि उत्पन्न देवाच्या सेवेत, अशीच ती रचना होती. अशी जमीन शहराच्या पोटात आली आणि तिच्यावरचे भात संपले, तर तिचे आजचे पीक भाड्याचे घर हेच असू शकते.

याची निकड किती आहे ते सांगायला हवे. एप्रिल २०१३ मध्ये शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील इमारत कोसळून ७४ माणसे दगावली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांच्या परवानग्या बनावट होत्या. आत राहणाऱ्या कुटुंबांनी भरलेले पैसे खरे होते.

मुंबईत यावरचे एक उत्तर शतकापूर्वीच सापडले होते. बाई जेरबाई वाडिया आणि त्यांच्या कुटुंबाच्या न्यासांनी रुस्तम बाग, जेर बाग, खुसरो बाग अशा वसाहती उभारल्या. जमीन अग्यारीची नव्हे, धर्मादाय न्यासाची. परंतु पद्धत घेण्याजोगी आहे. घरे भाड्याने दिली, जमीन न्यासाकडेच राहिली. उणीव एकच, पण मोठी: दार फक्त पारशांना उघडे. कॅलिफोर्नियाने २०२३ साली कायदा करून धर्मसंस्थांच्या जमिनींवर परवडणारी घरे बांधण्याची वाट सोपी केली. तिथे मुख्य अडथळा नगररचनेच्या नियमांचा होता. आपल्याकडे अडथळा निराळा आहे. कलम ३६ खाली परवानगी देताना न्यासाचे हित पाहायचे असते, आणि हित म्हणजे सर्वांत मोठी बोली, असा अर्थ सहज लावला जातो. मग विश्वस्तांना नवा सभामंडप मिळतो आणि बिल्डरला मनोरे.

म्हणून माझे म्हणणे असे: विक्री अजिबात नको. दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, जमिनीचे भाडे देवाच्या पूजेअर्चेला, घरभाडे राहणाऱ्याच्या मिळकतीच्या प्रमाणात, आणि घर देताना जातधर्म विचारायचा नाही. देवाला उत्पन्न मिळाले की दानाची अट पाळली गेली. भाडेकरू भक्त असलाच पाहिजे, असे जुन्या कुळांनाही कोणी विचारले नव्हते.

पण त्या कुळांचा हिशेब आधी व्हायला हवा. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी राज्यातील असंख्य कुळे जमिनीची मालक मानली गेली. कूळकायद्याच्या कलम ८८ब ने धार्मिक न्यासांच्या जमिनींना त्यातून सूट दिली आणि तेथील कूळ पिढ्यानपिढ्या राबूनही कूळच राहिले. उद्या अशा जमिनीवर घरे होणार असतील, तर सातबाऱ्यावरचे देवाचे नाव वाचून थांबू नका. कुळाचा रकाना वाचा, जुने फेरफार काढा. पहिल्या किल्ल्या त्या नावांच्या वारसांना द्याव्या लागतील.