बदामाचा राजा दोनदा मोजू नका

पत्त्यांच्या कॅटमध्ये जोकर सोडून 52 पाने. त्यात बदामाची 13 आणि राजे 4. डोळे मिटून एक पान ओढले, तर ते बदामाचे किंवा राजा असण्याची शक्यता किती? बरेच जण 13 आणि 4 मिळवून 52 पैकी 17 सांगतात. बरोबर उत्तर 16 आहे. बदामाचा राजा एकदा बदामात मोजला गेला, एकदा राजांत; म्हणून तो एकदा वजा करायचा. बदाम-सात खेळणाऱ्या पोरालाही पाने मांडून दाखवली की हे पटते.

आरोग्य शिबिरांच्या अहवालात मात्र हीच चूक राजरोस होते. समजा, 100 जणांची तपासणी झाली. 30 जणांचा रक्तदाब वाढलेला, 20 जणांना मधुमेह. लगेच '50 जण आजारी' असा मथळा तयार! त्यातल्या 12 जणांना दोन्ही असतील, तर आजारी माणसे 38 होतात. (शिबिराला आलेले म्हणजे सगळे गाव नव्हे, ही आणखी वेगळी गोष्ट.)

फुगलेला आकडा एक वेळ चालून जाईल. पण या बेरजेत ते 12 जण दिसेनासे होतात, हे जास्त वाईट.

इथे पत्ते आणि आजार यांत एक फरक आहे. बदाम असण्याची शक्यता चारात एक, राजा असण्याची तेरात एक. गुणाकार 52 त एक, आणि बदामाचा राजा नेमका एकच असतो. म्हणजे पान बदामाचे निघाले म्हणून ते राजा असण्याची शक्यता वाढत नाही, घटत नाही. आजारांचे तसे नाही. वरच्या शिबिरात रक्तदाब आणि मधुमेह एकमेकांशी संबंध नसल्यासारखे वागले असते, तर दोन्ही असलेले साधारण 6 जण सापडायला हवे होते. सापडले 12. मधुमेह असलेल्या 20 पैकी 12 जणांना रक्तदाब, तर मधुमेह नसलेल्या 80 पैकी 18 जणांनाच. आकडे उदाहरणाचे असले तरी कल खरा आहे. सुटलेले पोट आणि बैठे काम दोन्ही आजारांना खतपाणी घालतात, त्यामुळे ते जोडीने येतात. आणि जोडीने आले की मूत्रपिंड, हृदय, डोळ्यांचा पडदा, मेंदूच्या रक्तवाहिन्या या सगळ्यांचा धोका वाढतो.

अशा माणसाचे नाव दोन नोंदवह्यांत असते. सोमवारी रक्तदाबाची रांग, गुरुवारी साखरेची. दोन्हीकडे गोळ्या मिळतात, पण लघवीतील प्रथिनांची तपासणी करायची कोणी, हे दोन्हीकडे राहून जाते. दोन दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच.

यावर उपाय फारसा खर्चिक नाही. अहवालात तीन रकाने हवेत: फक्त रक्तदाब, फक्त मधुमेह, दोन्ही. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येकाला एकच कार्ड आणि एकच तारीख द्यावी, आणि मूत्रपिंड व डोळ्यांची तपासणी त्याच दिवशी करावी.