पानिपत आणि शोकाची चढाओढ

१/३ परीक्षेत नापास झालो की ‘आमचे पानिपत झाले’ म्हणायचे. आणि १४ जानेवारी उजाडली की कोणाच्या घराण्याने अधिक वीर गमावले, याची चढाओढ मांडायची. दोन्हींत स्मरण थोडे, मिरवणे फार.

२/३ १७६१ च्या त्या पराभवातून भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई जिवंत परतल्या. पतीचा मृत्यू त्यांनी अखेरपर्यंत मानला नाही. हजारो घरे उजाड झाली म्हणून त्यांचा शोक हलका ठरला काय? दुःखाला तराजू नसतो.

३/३ त्याच छावणीत यात्रेकरू, दुकानदार, चाकर, बायकामुलेही होती. त्यांच्या वतीने या चढाओढीत कोणीच उतरत नाही. उलट, त्यांना उद्देशून वापरलेला ‘बाजारबुणगे’ हा शब्द आपण आजही शिवीसारखा फेकतो. मित्रहो, घराण्यांच्या याद्या वाचण्यापूर्वी निदान ही शिवी तरी टाका.