चिठ्ठीचे उत्तर

वाचकहो, मराठी शिकविणाऱ्या माणसाच्या टेबलावर वर्षभरात कितीतरी चिठ्ठ्या येऊन पडतात. दिवाळीच्या सुमारास आमच्या नंदुरबारची ठरलेली चिठ्ठी म्हणजे, 'सर, घरी मिरचीची तोडणी आहे, दोन दिवस येणार नाही.' गावाबाहेर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या की वर्ग निम्मा रिकामा! परंतु गेल्या वर्षी तास संपल्यावर मिळालेली एक चिठ्ठी निराळी होती. ती अजून माझ्या पाकिटात आहे.

त्या दिवशी मी विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाविषयी बोललो होतो. हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातल्या सुमित्रेचे, म्हणजे मित्राचे, मन कॉलेजातल्याच एका मुलीवर जडते आणि अखेर ती जीव देते. मी रचनेवर बोललो, संवादांवर बोललो आणि मूळ विषयाला मोठ्या सफाईने वळसा घातला. चिठ्ठीत एवढेच होते : 'सर, मित्राला मरावेच लागते का?'

खाली नाव नव्हते. वर्षानुवर्षे वह्या तपासणाऱ्याला अक्षर ओळखायला वेळ लागत नाही. पण मी ते न ओळखल्याचे ठरविले. उत्तर मात्र सुचेना. खरे सांगायचे तर धीर होईना.

त्या रात्री मला रघुनाथ धोंडो कर्वे आठवले. महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव माझ्यासारखेच प्राध्यापक, विषय तेवढा गणिताचा. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यात ते वाचकांच्या शंकांना सरळ उत्तरे देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीही प्रश्न होता. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मासिकच लैंगिक विषयाचे. मग वाचकाने शंका विचारली तर उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांचा रोख होता. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

दंड उत्तर देण्याचा होता. तशा प्रेमाला तर पीनल कोडाचे ३७७ वे कलम होतेच. १८६० साली इंग्रजांनी ते आपल्याला दिले. १९६७ साली इंग्लंडने स्वतःचा कायदा सैल केला, आपण मात्र त्यांचे कलम जपून ठेवले. १९९० साली मुंबईत अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत पुस्तके लिहिली. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना या कलमातून सोडविले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की हा गुन्हा नव्हे. त्या पाचांत खानविलकर आणि चंद्रचूड ही दोन मराठी नावे होती. विवाहाचा हक्क मात्र २०२३ साली न्यायालयाने नाकारला.

म्हणजे कर्व्यांच्या दंडानंतर ८४ वर्षे गेली. मला तर दंडाचीही भीती नव्हती. मग मी कशाला भ्यालो होतो?

दुसऱ्या दिवशी मी या सनावळ्या फळ्यावर लिहिल्या आणि म्हणालो, "काल एका प्रश्नाचे उत्तर राहिले. मित्राला मरावे लागत नाही. तिच्याशी सरळ बोलणारे माणूस भोवती नसले तर ती मरते. नाटककाराचा आरोप तिच्यावर नाही, आपल्यावर आहे." वर्गात कोणी हसले नाही. सारे खाली मान घालून लिहून घेत होते. कोण अधिक लक्ष देऊन लिहीत होते, ते मी मुद्दाम पाहिले नाही.

वाचकहो, आता चार दिवस घरोघर फराळाची ताटे फिरतील. पुण्या-मुंबईची मुले घरी येतील आणि कोणी मावशी, कोणी काका, चकली मोडता मोडता विचारतील, "काय, यंदा कर्तव्य आहे ना?" त्यावर एखादा मुलगा किंवा मुलगी गप्प झाली, तर तोच प्रश्न पुन्हा विचारू नका. रात्री पणत्या विझल्यावर तिच्याजवळ जाऊन बसा. ती काही विचारील किंवा सांगेल. उत्तर देण्याबद्दल आता कोणी २०० रुपये दंड करीत नाही.