अडतीस नंबरची कोठडी

सहा पौंडांची रेझर ब्लेडं चोरली आणि एका मोटारीशी छेडछाड केली, म्हणून झाहिद मुबारकला 90 दिवसांची शिक्षा झाली. वय 19, तुरुंग पहिल्यांदाच. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम इथे तरुण गुन्हेगारांचा तुरुंग आहे. तिथल्या 38 नंबरच्या कोठडीत तो सहा आठवडे रॉबर्ट स्टुअर्ट या त्याच्याच वयाच्या गोऱ्या मुलासोबत राहिला. 21 मार्च 2000 रोजी त्याची सुटका होणार होती. त्याच पहाटे स्टुअर्टने झोपलेल्या झाहिदच्या डोक्यात टेबलाचा लाकडी पाय घातला. आठवडाभराने झाहिद गेला.

स्टुअर्ट कसा आहे, हे तुरुंगात कुणालाच ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या पत्रांतून वर्णद्वेष ओसंडत होता. आधीच्या तुरुंगांतल्या कागदांवर त्याच्या हिंसेच्या नोंदी होत्या. पण कोणाला कोणाबरोबर कोंडायचं हे ठरवणाऱ्यांपर्यंत त्या पोचल्या नाहीत, किंवा पोचल्या तरी कुणी मनावर घेतल्या नाहीत.

सरकार जाहीर चौकशीला तयार नव्हतं. झाहिदच्या घरच्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा 2003 मध्ये तिथलं त्या वेळचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ती करायला लावली. 2006 च्या अहवालात न्यायमूर्ती कीथ यांनी 186 चुका मोजल्या. एखाद्या दुष्ट पहारेकऱ्यावर सगळं ढकलून मोकळं होण्याची सोय त्यात नाही, आणि म्हणूनच तो वाचताना जीव गुदमरतो.

पुढे काय झालं? 2017 मध्ये खासदार डेव्हिड लॅमी यांनी मांडलेल्या आढाव्यानुसार, इंग्लंड-वेल्समध्ये कोठडीत असलेल्या अल्पवयीनांत कृष्णवर्णीय, आशियाई आणि अन्य वांशिक अल्पसंख्याकांचं प्रमाण दहा वर्षांत 25 टक्क्यांवरून 41 टक्क्यांवर गेलं होतं. घरच्यांनी झाहिदच्या नावाने उभारलेली संस्था आजही तुरुंगांतल्या भेदभावावर काम करते. जे काम सरकारचं, ते पोर गमावलेलं घर करतं आहे.

हे सातासमुद्रापलीकडचं म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. त्याच इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने इथल्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये कायदा गेला, पारध्याच्या पोराकडे बघणारी नजर मात्र गेली नाही. तुरुंगांच्या नियमांतही ती होतीच. मुंबईतल्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये कैद्यांना जातीवरून कामं वाटणारे नियम रद्द केले, नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि नियमावल्या बदलायला राज्यांना तीन महिने दिले.

फेल्टममध्ये जी नोंद वाचायला हवी होती ती वाचली गेली नाही. आपल्याकडे जी करायलाच नको होती ती पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तुरुंगाची आणि बालगृहाची नोंदवही त्या निकालाशी ताडून कुणीतरी तपासायला हवी, आणि काय सापडलं ते विधिमंडळात मांडायला हवं.