रिकामा दिसणारा नकाशा

मागच्या महिन्यात एका रविवारी आमची आक्का सकाळीच घरी आली. चहाचा कप पुढे तसाच ठेवून म्हणाली, "तूच सांग रे त्याला. मामाचं तरी ऐकेल." मागोमाग भाचा आला. "जयभीम मामा" म्हणत खाली बसला आणि पिशवीतून घडीचा मोठा नकाशा काढून त्याने फरशीवर पसरला. नकाशा आफ्रिकेच्या दक्षिण भागाचा होता.

भाचा एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर आहे. तीन वर्षांपूर्वी तो आणि त्याचा एक मित्र मोटारसायकलवर लडाखला जाऊन आले. आता दोघांनी ठरवले आहे की येत्या जूनमध्ये नामिबिया आणि बोट्स्वाना हे दोन देश मोटारसायकलवर फिरायचे. टूर कंपनी नाही, वाटाड्या नाही, मागून सामानाची गाडी नाही. मोटारसायकल तिकडेच भाड्याने घ्यायची आणि आपले आपण फिरून यायचे. पाच वर्षे दोघांनी पैसे साठवले आहेत. आक्काचे म्हणणे एकच, "वाळवंट आणि वाघ-सिंह! तिथं आपलं काय ठेवलंय?"

वाचकहो, खरे सांगायचे तर आम्हीही आधी आक्काच्याच बाजूचे होतो. आफ्रिकेच्या रानात वाघ नसतो, एवढे सांगून आम्ही तिची अर्धी भीती घालवली, पण सिंह आणि हत्ती आहेतच. परंतु वयात आलेल्या मुलाला नुसते 'नको' म्हणून भागत नाही. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. आम्ही कोरी वही घेतली आणि म्हणालो, "बाळा, हिशोब दाखव. हिशोब जमला तर आईची समजूत आम्ही काढू." असे तीन रविवार गेले. त्या तीन रविवारी जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. उद्या तुमच्याही घरी एखादा मुलगा किंवा मुलगी असाच नकाशा घेऊन येईल.

आधी देश समजून घेऊ. नामिबियाचे क्षेत्रफळ सुमारे ८ लाख २४ हजार चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र ३ लाख ८ हजार. म्हणजे नामिबिया महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. पण २०२३ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास भरली. महाराष्ट्रात २०११ सालीच ११ कोटी २४ लाख माणसे होती. तिथे तासन्‌तास गाडी चालवली तरी माणूस दिसत नाही, याचे कारण हे. गाडी रस्त्यात बंद पडली तर आपल्यासारखी चार माणसे धावून येतील, हा भरवसा तिथे धरता येत नाही.

काही गोष्टी सोयीच्याही आहेत. दोन्ही देशांत वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात. आपला जून म्हणजे तिकडचा हिवाळा. हवा कोरडी, पाऊस जवळजवळ नाही. मात्र वाळवंटातली रात्र गोठवणारी असते, त्यामुळे स्वेटर आणि हातमोजे हवेतच. वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओत मिळतो. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून वकिलातीत दोन-तीन महिने आधी विचारावे. भाड्याची गाडी एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची तर मालकाचे परवानगीपत्र जवळ लागते. उत्तरेकडच्या नदीकाठच्या भागात हिवताप असतो, तेव्हा गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

त्यांची वाट अशी : नामिबियाची राजधानी विंडहुकहून निघून दक्षिणेला, तिथून समुद्रकाठी ल्युडेरिट्झ, मग नामिब वाळवंटातून उत्तरेला सेसरिम आणि वॉल्व्हिस बे, पुढे इटोशाचे अभयारण्य, तिथून पूर्वेच्या चिंचोळ्या पट्टीतून बोट्स्वानात कसाने, मग नाटा, माउन, घांझी आणि परत विंडहुक. आम्ही नकाशावर बेरीज केली. साडेचार हजार किलोमीटरच्या वर गेली.

आता पेट्रोलचा हिशोब. भाच्याच्या गाडीची टाकी १७ लिटरची. तो म्हणाला, "मामा, लिटरला २० किलोमीटर धरा." आम्ही म्हणालो, "वारा समोरून आला, वाळू लागली, सामान जड झाले तर? १६ धर." १७ गुणिले १६ म्हणजे २७२ किलोमीटर. सेसरिमहून निघाल्यावर सुमारे ८० किलोमीटरवर सॉलिटेअर नावाचे चिमुकले ठिकाण आहे, तिथे पंप आहे. त्यापुढे वॉल्व्हिस बेपर्यंत सुमारे २३० किलोमीटर पेट्रोल नाही. सॉलिटेअरला पेट्रोल मिळाले तर ठीक. त्या दिवशी तिथे ते संपलेले असेल, तर एकूण ३१० किलोमीटर एकाच टाकीवर काढावे लागतील आणि ३८ किलोमीटर कमी पडतील. आम्ही वहीत लिहिले : पाच लिटरचा जादा डबा. पाच गुणिले १६ म्हणजे ८०. हिशोब जमला. त्याखाली दुसरी ओळ लिहिली : पिण्याचे पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, ते पेट्रोलच्या डब्यापासून लांब.

रस्त्यांची तऱ्हा निराळी. मोठे हमरस्ते डांबरी आहेत, पण नामिबियातले बहुतेक रस्ते खडी-मातीचे. वाहनांच्या येण्या-जाण्याने त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात. मधेच मऊ वाळूचा पट्टा येतो. तिथे घाबरून पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी झालीच. म्हणून वेग साठ-सत्तरच्या आत ठेवावा. पंक्चर काढता आले पाहिजे. ट्यूब, पंप, पाने सगळे जवळ पाहिजे. इथे मात्र भाच्याची छाती फुगली. कारण हात त्याचेच चालतात, आमचे नव्हे.

आणि सगळ्यात मोठा नियम : दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोहोचायचे. अंधार पडला की गाढवे, गुरे आणि कुडू नावाचे मोठे हरीण रस्त्यावर येते. कुडू दिव्याच्या झोताने बिथरते आणि थेट गाडीपुढे उडी मारते. मोटारीतल्या माणसाभोवती निदान पत्रा असतो. मोटारसायकलवाल्याचा पत्रा म्हणजे त्याचे अंग.

दुसऱ्या रविवारी एक गंमत झाली. भाच्याच्या मनात इटोशात सिंहाच्या बाजूने मोटारसायकल काढण्याचे चित्र होते. मित्राने नियम वाचून आणले, तेव्हा कळले की इटोशात मोटारसायकलला प्रवेशच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगरमध्ये नाही आणि २००० साली दोन देशांनी मिळून उघडलेल्या कगालागाडीतही नाही. सोसुसफ्लेच्या तांबड्या वाळूच्या टेकड्या ३०० मीटरहून उंच आहेत, पण सेसरिमच्या फाटकापुढे तिथेही मोटारसायकल चालत नाही. गाडी फाटकाबाहेर ठेवून त्यांच्या जीपने जावे लागते. भाच्याचे तोंड उतरले. आक्का मात्र पहिल्यांदा हसली. म्हणाली, "सरकार शहाणं आहे म्हणायचं."

पण जनावरे फाटकाच्या आतच राहतात असे नाही. पूर्वेच्या पट्टीत ब्वाब्वाटा अभयारण्यातून सुमारे २०० किलोमीटर हमरस्ता जातो. पुढे न्गोमाच्या पुलावरून बोट्स्वानात शिरले की कसानेपर्यंतचा डांबरी रस्ता चोबे अभयारण्यातून जातो. या दोन्ही रस्त्यांवर मोटारसायकल नेता येते आणि हत्ती रस्ता ओलांडतात. २०२२ च्या मोजणीत बोट्स्वानात सुमारे १ लाख ३१ हजार हत्ती भरले. हत्ती दिसला की लांब थांबायचे, हॉर्न वाजवायचा नाही, हत्तीण आणि पिल्लू यांच्या मधे जायचे नाही, तो जाईपर्यंत वाट पाहायची. अर्धा तास गेला तर गेला.

इथवरचा हिशोब पैशाचा आणि जिवाचा झाला. तिसऱ्या रविवारी आम्ही भाच्याला म्हणालो, "तुझ्या नकाशावर इतकी जागा कोरी आहे. ती खरेच कोरी आहे का?" बरोबर वाटाड्या असता तर त्याने चार गोष्टी सांगितल्या असत्या. वाटाड्या नाही, म्हणजे त्या आपणच आधी वाचून जायला हव्यात.

ल्युडेरिट्झजवळ कोल्मन्सकोप नावाचे ओसाड गाव आहे. घरांत गुडघाभर वाळू भरली आहे आणि पर्यटक तिचे फोटो काढतात. हे गाव हिऱ्यांवर उभे राहिले. १९०८ साली जर्मन राजवटीत रेल्वेच्या रुळांवरची वाळू फावड्याने काढताना झकारियास लेवाला नावाच्या काळ्या मजुराला एक चमकणारा खडा सापडला. त्याने तो प्रामाणिकपणे आपला मुकादम ऑगस्ट स्टाउख याला दाखवला. स्टाउख श्रीमंत झाला. लेवालाला बक्षीस म्हणून काहीही मिळाले नाही. हे ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता. कारखान्यात काम करणाऱ्याला ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही.

त्याच ल्युडेरिट्झच्या किनाऱ्याला लागून शार्क बेट आहे. १९०५ ते १९०७ या काळात जर्मनांनी तिथे हेरेरो आणि नामा लोकांची छळछावणी चालवली. हजाराहून अधिक माणसे तिथे मेली. पुढे त्याच जागी पर्यटकांच्या मुक्कामाची सोय झाली. हा नरसंहार होता, हे जर्मन सरकारने मान्य केले ते २०२१ साली.

इटोशाचेही तसेच. १९०७ साली ते राखीव झाले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हाइओम लोकांना १९५४ साली बाहेर काढले. काहींना अभयारण्यातच नोकर म्हणून ठेवले. काल ज्याचे रान होते, तो आज तिथे चाकर झाला.

आणि शेवटची गोष्ट पाण्याची. माउन ते घांझी या रस्त्याच्या आग्नेयेला कालाहारी वाळवंटातले मोठे अभयारण्य आहे, सुमारे ५२ हजार चौरस किलोमीटरचे. १९६१ साली ते झाले तेव्हा तिथे राहणाऱ्या सान लोकांचाही विचार त्यामागे होता. त्यांना बोट्स्वानात बसारवा म्हणतात. पुढे सरकारने म्हटले की वन्यप्राण्यांसाठी आणि त्यांच्याच विकासासाठी त्यांनी बाहेर वसावे. १९९७ आणि २००२ साली त्यांना हलवले. २००२ साली त्यांच्या कूपनलिकेचे पाणी बंद केले. हे लोक कोर्टात गेले. १३ डिसेंबर २००६ रोजी हायकोर्टाने निकाल दिला की त्यांना हलवणे बेकायदा होते. तरीही पाणी सुटेना. ते पुन्हा कोर्टात गेले, खाली हरले आणि वर गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये अपील कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की जुनी कूपनलिका वापरण्याचा आणि स्वतःच्या खर्चाने नव्या खोदण्याचा त्यांना हक्क आहे. १९२७ साली महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी का जावे लागले, हे ज्या घरांना माहीत आहे, त्यांना या निकालाची किंमत वेगळी सांगायला नको.

बोट्स्वानाच्या चलनाचे नाव 'पुला' आहे. पुला म्हणजे पाऊस. ज्या देशाने आपल्या पैशाला पावसाचे नाव दिले, त्याच देशात पाण्यासाठी माणसांना कोर्टाची पायरी चढावी लागली. भाच्याने ही गोष्ट आपल्या हाताने वहीत लिहून घेतली.

म्हणून आम्ही त्याला आणखी एक गोष्ट सुचवली. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावकऱ्यांना आपल्या भागातल्या वन्यप्राण्यांपासून होणाऱ्या उत्पन्नावर हक्क मिळाला. अशी ऐंशीहून अधिक गावक्षेत्रे आज तिथे आहेत. जिथे गावकऱ्यांनी चालवलेली मुक्कामाची जागा असेल, तिथे उतरावे. आपल्या घामाचा पैसा जायचाच, तर तो हत्तींच्या शेजारी शेती करणाऱ्याच्या हातात जावा.

आक्का तिन्ही रविवार भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्या माणसांना आता पाणी मिळतं ना?" आम्ही सांगितले की निकालानंतर २०११ सालीच मोथोमेलोच्या कूपनलिकेचे पाणी पुन्हा सुरू झाले. ती म्हणाली, "मग लिही." आणि वहीच्या पहिल्या पानावर तिने तीन अटी लिहून घेतल्या. एक, कर्ज काढायचे नाही. दोन, दिवस मावळला की गाडी बंद. तीन, प्रत्येक पंपावरून घरी फोन.

भाच्याने खाली सही केली. आता तो रोज संध्याकाळी वस्तीच्या मैदानात, जिथे वाळू टाकलेली आहे तिथे, सामान बांधून गाडी चालवतो. परवा दोनदा पडला. आक्का दारात उभी राहून बघत होती. पण तिने त्याला घरात बोलावले नाही.