घर सोडून तीन वर्षं झाली, आता मालक भरपाई मागू शकतो का?

मागच्या ऑक्टोबरमध्ये दादाच्या मोबाइलवर बंगळुरूच्या जुन्या घरमालकांचा मेसेज आला. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा फोटो, ग्रॅनाइटला गेलेला तडा आणि खाली एक ओळ: 45 हजार पाठवा, नाहीतर कोर्टात भेटू. दादा-वहिनींनी ते घर एप्रिल 2022 च्या अखेरीस सोडलं होतं!

तडा मात्र खरा होता. वहिनीच्या हातून भरलेला कुकर निसटला होता. "आपल्या हातून झालंय ना, मग देऊन टाकू," ती म्हणाली. दादाचं म्हणणं, "इतके दिवस काका झोपले होते का?"

तुम्हाला असा मेसेज आला तर आधी एकच गोष्ट शोधा: चावी परत केल्याची तारीख.

आपल्याकडे दावा कधीपर्यंत करता येतो, हे मुदत अधिनियम, 1963 ठरवतो. घर चांगल्या स्थितीत परत देईन असं भाडेकरारात लिहिलेलं असतं. ते मोडलं की तो करारभंग, आणि त्याच्या भरपाईसाठी मुदत आहे करार मोडल्यापासून तीन वर्षं. भाड्याची थकबाकीही तीन वर्षांतच मागावी लागते. बारा वर्षांचं जे आपण ऐकतो ते घराचा ताबा परत मिळवण्यासाठी आहे, फुटलेल्या ओट्यासाठी नाही.

मालकाने नुसती नोटीस पाठवली म्हणून मुदत वाढत नाही. दावा कोर्टात दाखल व्हावा लागतो. उशिरा आलेला दावा कोर्टाला फेटाळावाच लागतो, तुम्ही तो मुद्दा काढला नाहीत तरी. (म्हणून समन्स आल्यावर घरी बसून राहायचं नाही हं. तारखा कोर्टाला दाखवायला कोणीतरी लागतंच.)

कोरोनाच्या काळात घर सोडलं असेल तर हिशेब थोडा बदलतो. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मोजणीतून वगळला होता. दादाने घर त्यानंतर सोडलं, त्यामुळे त्याची तीन वर्षं सरळ मोजायची. ती एप्रिल 2025 मध्येच संपली होती.

पण खरी गडबड उत्तर देताना होते. मुदत चालू असताना "हो, एवढे देणं आहे" असं लिहून सही केलीत, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होऊ शकतात. मुदत उलटल्यावरही जुनं देणं फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन करार कायद्यानुसार बंधनकारक ठरू शकतं. आणि आपण होऊन पैसे दिले, तर मुदत संपली होती म्हणून ते परत मागता येत नाहीत. वहिनी "सॉरी अंकल, पुढच्या महिन्यात देतो" असं टाइप करत होती. दादाने फोन काढून घेतला.

आता नुकसान कशाला म्हणायचं? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 म्हणतो, भाडेकरूने घर मिळालं तशा स्थितीत परत द्यायचं, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून. भिंतीचा रंग उडणं ही झीज. कुकरने तडकलेला ओटा हे नुकसान. महाराष्ट्रात बहुतेक घरं लीव्ह अँड लायसन्सवर असतात. तिथे हे कलम थेट लागू होत नाही, म्हणून नुकसानीबद्दल करारात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. आणि घरात शिरताना व निघताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, ओट्यासकट.

दादाने शेवटी दोनच ओळी पाठवल्या: चावी अमुक तारखेला दिली, तेव्हा तुम्ही घर पाहिलं होतं, तुमची मागणी मला मान्य नाही. त्यानंतर मेसेज नाही. वहिनीला अजूनही ते पटलेलं नाही.

मग मी विचारलं, "डिपॉझिट पूर्ण मिळालं होतं का रे?" नव्हतं. रंगकामाचे म्हणून 18 हजार कापले होते. त्याने तेव्हा एकदा मागितले, मालकांनी नाही म्हटलं, विषय तिथेच राहिला. त्याचीही तीन वर्षं तेव्हाच सुरू झाली होती.